वजन काट्यावर कळते, साखर कशावर कळते?

(शाळेतला पदार्थांचा धडा आणि आपले ऊसबिल)



आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पदार्थांच्या गुणधर्मांचा धडा असतो. वस्तुमान, आकारमान, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू असे जड शब्द त्यात येतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. घरची वडीलधारी माणसेही "पुस्तकातलं पुस्तकात" म्हणून सोडून देतात. परंतु हा सबंध धडा आपल्या उसाच्या फडापासून साखरेच्या पोत्यापर्यंत पसरलेला आहे आणि त्यातला एकेक शब्द शेवटी ऊसबिलात उतरतो.

गट ऑफिसला, फडावर, शिराळ्याच्या बाजारात सभासद भेटतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, काटा वजन बघतो. साखर कुठं बघतो? मग आम्हीबी वजनच बघणार की!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख थोडा विस्ताराने लिहिला आहे. शक्य झाल्यास शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना शेजारी बसवून वाचावा. त्यांचाही धडा होईल आणि आपलाही हिशेब होईल.

१) वस्तुमान आणि आकारमान

जो जागा व्यापतो आणि ज्याला वजन असते, तो पदार्थ. दगड, पाणी, हवा, ऊस, पाचट हे सगळे पदार्थच. पदार्थ जेवढी जागा व्यापतो ते त्याचे आकारमान आणि त्यात जेवढा माल भरलेला असतो ते त्याचे वस्तुमान. पृथ्वी त्या मालाला जेवढ्या जोराने खाली ओढते, त्याला शास्त्रात वजन म्हणतात. रोजच्या व्यवहारात आपण वस्तुमानालाच वजन म्हणतो आणि काट्यापुरते तसे म्हटले तरी चालते.

आता दोन ट्रॉल्या घ्या. एकीत वाढे छाटून, पाचट सोलून, मुळ्या-माती झाडून साफ केलेल्या मोळ्या रचल्या आहेत. दुसरीत पाचटासकट भराभर टाकलेला ऊस आहे. दोन्ही शिगोशीग भरलेल्या, म्हणजे आकारमान सारखे. काट्यावर पहिली जास्त भरते. कारण पाचट जागा खाते, वजन मात्र थोडेच देते. खेप तीच, डिझेल तेवढेच, नेलेला ऊस कमी.

बरे, काट्यावर पाचटाचे जे थोडे वजन भरते तेही साखरेचे नाही. उलट गव्हाणीतून मिलमध्ये गेल्यावर कोरडे पाचट स्पंजासारखा रस शोषते आणि तो रस चोथ्याबरोबर बॉयलरकडे घेऊन जाते. म्हणजे स्वतः काही देत नाही ते नाहीच, वर दुसऱ्याचेही नेते.

काट्याबद्दलही दोन शब्द. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की निव्वळ ऊस मिळतो. काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते, आणि काटा बरोबर आहे की नाही हे प्रमाणित वजने ठेवून तपासता येते. शंका असेल तर विचारावी, मनात ठेवू नये. काट्यावर विश्वास असेल तरच पुढच्या गोष्टी कानात शिरतील.

२) घनता

एवढ्याच जागेत किती माल मावला, हे ज्यावरून कळते ती घनता. लोखंडाचा तुकडा पाण्यात बुडतो आणि सागाची फळी तरंगते, ती घनतेमुळे.

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला, आरळा-चरणकडे, भात करणाऱ्यांना हा गुणधर्म हाताळून माहीत आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी टाकतात. पोचट दाणे वर येतात आणि भरलेले तळाला बसतात. साध्या पाण्यात तळाला गेलेले काही हलके दाणेही मिठाच्या पाण्यात वर येतात, कारण मिठाने पाण्याची घनता वाढलेली असते. वरचे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवून पेरायचे. हा घनतेचाच प्रयोग, फक्त त्याला ते नाव आपण देत नाही.

उसाच्या रसाचेही तसेच आहे. एक लिटर पाणी एक किलो भरते. पण शंभराला वीस भाग विरघळलेला माल असलेला एक लिटर रस सुमारे १ किलो ८० ग्रॅम भरतो. ते वरचे ८० ग्रॅम आपली कमाई सांगतात. दुधात लॅक्टोमीटर सोडतात, तसा रसात काचेचा तराफा सोडतात. रस दाट असेल तर तो वर राहतो, पातळ असेल तर खाली जातो. त्यावर आकडे लिहिलेले असतात, त्यालाच ब्रिक्स म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रिक्स यांच्या नावावरून हे माप पडले. ब्रिक्स २० म्हणजे शंभर ग्रॅम रसात वीस ग्रॅम विरघळलेले पदार्थ.

३) विरघळणे आणि वितळणे

मुले या दोन शब्दांत हटकून गोंधळतात. मेण उष्णतेने पातळ होते, ते वितळणे. साखर पाण्यात दिसेनाशी होते, ते विरघळणे. वितळायला उष्णता लागते. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, बहुधा पाणी.

साखर विरघळली म्हणजे नाहीशी झाली का? मुलांना करून दाखवा. एक लिटर पाणी आणि एक किलो साखर मोठ्या पातेल्यात ढवळा. साखर दिसत नाही, पण वजन करा, बरोबर दोन किलो भरेल. वस्तुमान कुठे जात नाही. आकारमान मात्र फसवते. किलोभर साखर भांड्यात लिटरभरापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून मिश्रण दोन लिटरच्या वर जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ते होते सुमारे एक लिटर सहाशे मिलिलिटर. दाण्यांच्या मधली हवा निघून गेली आणि साखरेचे कण पाण्याच्या कणांत सामावले.

विरघळण्यालाही हद्द आहे. साध्या थंड पाण्यात, म्हणजे २० अंश सेल्सिअसला, एका लिटरमध्ये सुमारे दोन किलो साखर विरघळते. तेच पाणी उकळीच्या जवळ नेले तर जवळजवळ पाच किलो. मिठाचे असे नाही. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते, पाणी तापवले तरी त्यात फार वाढ होत नाही. गरम पाण्यात जास्त आणि थंड पाण्यात कमी विरघळण्याच्या साखरेच्या या स्वभावावरच साखर कारखाना चालतो. ते पुढे येईल.

४) जुन्या माणसांची पारख आणि आताचे यंत्र

ऊस पक्व झाला की नाही हे आपल्या वाडवडिलांना यंत्राशिवाय कळत होते. खालची पाने पिवळी पडून वाळतात, शेंड्याची वाढ मंदावते. कांडीवर टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. कांडे पेऱ्याजवळ पटकन मोडते. तिरका काप घेऊन उन्हात धरला तर साखर चमकते. रंग, आवाज, ठिसूळपणा आणि चकाकी हे सगळे पदार्थाचे गुणधर्मच आहेत. पुस्तकात त्यांना भौतिक गुणधर्म म्हणतात.

आता हाताशी हँड रिफ्रॅक्टोमीटर आहे. पाण्यात काठी बुडवली की ती वाकडी दिसते, कारण प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो. पाण्यात साखर जितकी जास्त, तितका तो जास्त वळतो. यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावले की हा वळण्याचा फरक ब्रिक्सच्या आकड्यात दिसतो.

नमुना घेताना मात्र लक्ष द्यावे. बांधाकडचा ऊस घेऊ नये. त्याला ऊन-वारा जास्त लागतो, तो आधी पक्व होतो आणि आपली समजूत चुकते. प्लॉटच्या आत चार-पाच ठिकाणचे ऊस घ्यावेत. प्रत्येकाचा बुडखा, मधला भाग आणि शेंडा असा तिन्ही ठिकाणचा रस पाहावा. थेंब टाकण्यापूर्वी काच स्वच्छ पाण्याने धुवावी आणि पाण्यावर आकडा शून्य येतो का ते पाहून घ्यावे. साखर बुडख्याकडून शेंड्याकडे भरत जाते. म्हणून कच्च्या उसात बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ आले आणि ब्रिक्स २० च्या आसपास किंवा वर गेला, की ऊस तोडीला आला असे समजावे.

जातीप्रमाणे हा काळ मागेपुढे होतो. कोसी ६७१ लवकर पक्व होते, को ८६०३२ त्यानंतर. म्हणून शेजाऱ्याचा तुटला म्हणजे माझाही तुटलाच पाहिजे, हा हिशेब बरोबर नाही. लागणीची तारीख आणि जात पाहूनच तोडणीचा क्रम लागला पाहिजे.

५) ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे

इथे बरेच जण फसतात. ब्रिक्स फक्त एवढेच सांगतो की रसात काहीतरी विरघळले आहे. ते काय आहे, हे तो सांगत नाही. त्यात साखर असते, ग्लुकोज-फ्रुक्टोज असते, जमिनीतून आलेले क्षार असतात, आणखीही बरेच असते.

मग साखर वेगळी कशी ओळखायची? इथे साखरेचा आणखी एक गुणधर्म कामी येतो. प्रकाशाच्या लहरी एरवी सगळ्या दिशांनी कंप पावतात. विशिष्ट काचेतून गाळून त्यांना एकाच पातळीत आणता येते. असा प्रकाश साखरेच्या द्रावणातून पाठवला तर ती पातळी उजवीकडे फिरते. साखर जितकी जास्त, तितकी ती जास्त फिरते. साखरेच्या द्रावणाचा हा गुण फ्रान्समधील शास्त्रज्ञ बायो यांनी १८१५ साली दाखवून दिला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलॅरीमीटर आहे, तो याच तत्त्वावर चालतो. त्यावरून येणाऱ्या आकड्याला पोल म्हणतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता मिळते.

उदाहरण पाहू. एका रसाचा ब्रिक्स २० आणि पोल १७. शुद्धता ८५. दुसऱ्याचा ब्रिक्स २२ आणि पोल १६.५. शुद्धता ७५. नुसता ब्रिक्स पाहणारा दुसऱ्या रसाला चांगला म्हणेल. पण साखर जास्त मिळेल ती पहिल्यातून. दुसरा रस बहुधा तोडून पडून राहिलेल्या उसाचा असतो. पाणी उडाले म्हणून ब्रिक्स चढला आणि साखर फुटली म्हणून पोल उतरला.

६) तोडलेला ऊस आणि उडणारे पाणी

माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. धुतलेले धोतर वाळते तेही याच कारणाने. पाणी उकळल्याशिवायही उडते, त्याला बाष्पीभवन म्हणतात. ऊन, वारा आणि उघडी पडलेली जागा जेवढी जास्त, तेवढे ते वेगाने होते.

उसाच्या शंभर भागांत सुमारे सत्तर भाग पाणी असते. उभ्या उसाला मुळातून पाणी मिळत राहते आणि कांड्यावरचा पांढुरका मेणाचा थर ते राखतो. तोडल्यावर मुळाकडचे पाणी बंद होते आणि दोन्ही टोके उघडी पडतात. फडात, रस्त्याकडेला किंवा वाहनाच्या रांगेत ऊस जेवढा वेळ राहील तेवढे पाणी उडते. ते वजन आपल्याच पावतीतून जाते. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर फारच.

किती जाते हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका. दहा ऊस तोडून मोळी बांधा, घरच्या काट्यावर वजन करा आणि तारीख-वेळ लिहून उन्हात ठेवा. रोज त्याच वेळी वजन करा. चार दिवसांचे आकडे वहीत मांडले की मुलांचा प्रयोग होईल आणि आपले डोळे उघडतील.

पाणी जाते ते दिसते. साखर जाते ती दिसत नाही. तोडलेल्या उसात साखरेचे विघटन सुरू होते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते. हे मिश्रण प्रकाशाची पातळी उजवीऐवजी डावीकडे फिरवते, एवढे ते साखरेहून वेगळे आहे. चवीला गोडच लागते, ब्रिक्समध्येही मोजले जाते, पण त्याची दाणेदार साखर होत नाही. शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि साखरेपासून चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस गाळायला आणि शिजवायला त्रास होतो. जळीत उसाचे तर आणखी वाईट. मेण जळालेले, साल तडकलेली, त्यामुळे पाणीही लवकर जाते आणि जिवाणूही लवकर शिरतात. म्हणून तोडणीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा असे आम्ही सारखे सांगतो.

७) काहील आणि पॅन

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. पण हा आकडा अढळ नाही. त्यात काही विरघळलेले असेल तर तो वर चढतो आणि वरचा हवेचा दाब कमी केला तर खाली उतरतो. आपल्या गुऱ्हाळात आणि कारखान्यात जो फरक आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे.

गुऱ्हाळावरच्या काहिलीत रस उघड्यावर उकळतो. पाणी उडत जाईल तसा पाक दाट होतो आणि उकळण्याचे तापमान चढत जाते. गूळ उतरवायच्या वेळी ते ११५ अंशांच्याही पुढे गेलेले असते. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी धरते का ते बघतो. पण मोजतो तो हाच गुणधर्म. एवढ्या उष्णतेत थोडी साखर फुटते, थोडी करपते, म्हणून गुळाला रंग आणि वास येतो. गुळाला ते शोभते, पांढऱ्या साखरेला नाही.

कारखान्याचा पॅन चहूबाजूंनी बंद असतो. आतली हवा आणि वाफ ओढून घेतात, दाब कमी होतो आणि तोच दाट पाक ६५-७० अंशांच्या आसपास उकळतो. साखर करपत नाही. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज माणसाने ही युक्ती काढली आणि १८१३ साली तिचे पेटंट घेतले. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळायला वापरायची, म्हणजे जळण वाचते, ही पुढची युक्ती नॉर्बर्ट रिलियू यांची. त्यांचे अमेरिकेतील पेटंट १८४३ चे आहे. आजही आपल्या कारखान्यात रसातले पाणी याच रीतीने काढले जाते.

८) दाणा कसा धरतो

गरम पाण्यात जास्त साखर विरघळते हे आपण पाहिले. मग गरम दाट पाक गार झाला किंवा त्यातले पाणी आणखी कमी केले, तर जादा साखर जाणार कुठे? ती बाहेर पडते आणि नीट कोपऱ्या-कडांचे दाणे बनवते. यालाच स्फटिक म्हणतात. मुलांना खडीसाखर करून दाखवा. एक पेला पाण्यात अडीच पेले साखर तापवून विरघळवा. तो पाक बरणीत ओता, दोरा सोडा आणि न हलवता आठवडाभर ठेवा. दोऱ्यावर खडे धरतात. कारखान्यात दोऱ्याऐवजी साखरेचेच बारीक कण बी म्हणून पॅनमध्ये सोडतात.

दाणा बांधताना साखरेचे कण एकमेकांजवळ येतात आणि क्षार व इतर घाण बाहेर ढकलली जाते. म्हणूनच काळसर पाकातून पांढरी साखर निघते. पण बाहेर राहिलेली ही घाण स्वस्थ बसत नाही. ती आपल्याबरोबर काही साखरही धरून ठेवते. कितीही शिजवली तरी ती साखर दाणा धरत नाही, मळीत निघून जाते. रस जितका अशुद्ध, तितकी साखर पोत्याऐवजी मळीच्या टाकीत.

आता मांगले-सागाव पट्ट्यातल्या आणि एकूणच वारणाकाठच्या सभासदांनी विचार करावा. जिथे पाण्याचा निचरा होत नाही आणि जमिनीत क्षार साठतात, तिथल्या उसाच्या रसातही क्षार जास्त येतात. वजन भरते, शुद्धता भरत नाही. निचऱ्याचा चर काढणे हे जमिनीच्या आरोग्याचे काम आहे, तसेच ते साखरेचेही काम आहे.

९) हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काटा साखर बघत नाही, हे खरे. पण दर साखर बघतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये ठरवला. उतारा त्यावर ०.१ टक्क्याने वाढला तर टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त आणि तेवढाच घटला तर तेवढेच कमी, अशी ही रचना आहे. साडेनऊ टक्क्यांखाली मात्र कपात थांबते. हा उतारा एकेका सभासदाचा नाही, कारखान्याच्या सरासरीचा धरतात. म्हणजे वजन ज्याचे त्याचे आणि उतारा सगळ्यांचा.

तोडणीआधी पाणी देऊन वजन वाढवायची सवय काही ठिकाणी आहे. तिचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका सभासदाचा ४० टन ऊस आहे आणि उतारा १०.२५. त्याचे एफआरपीप्रमाणे होतात १,४२,००० रुपये. आता समजा, पाणी देऊन वजन शंभराला दोन वाढले. ४० चे ४०.८ टन झाले. साखर तेवढीच, कारण वाढले ते पाणी. सगळ्यांनीच असे केले तर तीच साखर जास्त वजनात विभागली जाईल आणि उतारा १०.२५ वरून सुमारे १०.०५ वर येईल. दर टनामागे ६९ रुपये २० पैशांनी उतरून ३४८० रुपये ८० पैसे होईल. ४०.८ टनांचे होतात १,४२,०१७ रुपये.

म्हणजे एवढा खटाटोप करून हाती आले सतरा रुपये! आणि वाढीव पाऊण टन पाण्याच्या तोडणी-वाहतुकीचा खर्च या रकमेतूनच वजा व्हायचा आहे. पाण्याची पाळी आणि वीज ती वेगळीच.

आणि सगळ्यांनी केले नाही, थोड्यांनीच केले तर? मग ज्यांनी केले त्यांचा थोडा फायदा झाला, पण तो ज्यांनी पाणी तोडले, पाचट साफ केले आणि ऊस ताजा पाठवला त्यांच्या खिशातून. सहकारात राहून शेजाऱ्याच्या खिशात असा हात घालणे बरे नव्हे. आज त्याच्या खिशात आपला हात, उद्या आपल्या खिशात त्याचा.

कारखान्याच्या बाजूनेही आकडा पाहा. हंगामात पाच लाख टन गाळप धरले तर उताऱ्यातला नुसता ०.१ टक्का म्हणजे पाच हजार क्विंटल साखर. एफआरपीच्या भाषेत सभासदांचे एक कोटी त्र्याहत्तर लाख रुपये. दशांश चिन्हापुढच्या एका आकड्याची ही किंमत आहे.

१०) काय करावे

१. जमिनीच्या मगदुराप्रमाणे तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. हलक्या जमिनीत थोडे उशिरा, भारी जमिनीत थोडे आधी.

२. युरियाचा हात आखडता घ्यावा, विशेषतः उशिराचा. उशिरा नत्र दिले की ऊस वाढत राहतो, पक्व होत नाही. पालाशाची मात्रा मात्र चुकवू नये.

३. ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा. बुडख्यात साखर सर्वांत जास्त असते. वर राहिलेला वीतभर बुडखा म्हणजे सर्वांत गोड वीतच शेतात ठेवली.

४. शेंड्याकडचे कोवळे कांडे, वाढे, पाचट, मुळ्या आणि माती मोळीत येऊ देऊ नये. टोळीकडे उभे राहून बघावे. पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावे. जमिनीतले पाण्याचे बाष्पीभवन थांबते आणि खोडव्याला त्याचा उपयोग होतो.

५. वाहन नक्की झाल्याशिवाय तोड सुरू करू देऊ नये. तोडलेला ऊस ठेवावाच लागला तर सावलीत, पाचटाखाली झाकून ठेवावा.

६. तोडणीआधी ब्रिक्स तपासून घ्यावा. त्यासाठी गट ऑफिसला निरोप द्यावा.

शेवटी आमच्याकडेही बोट दाखवले पाहिजे. टोळी वेळेवर न येणे, तोडून झाल्यावर वाहन न मिळणे आणि गाड्या रांगेत उभ्या राहणे, ही सभासदांची गाऱ्हाणी आहेत आणि ती खरी आहेत. सभासदाने सगळे नीट केले आणि गाडी दोन दिवस उभी राहिली, तर बाष्पीभवन काही त्याचा सातबारा विचारत नाही. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे पाळणे आणि तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पोचवणे हे शेती खात्याचे काम आहे. त्याबद्दल सभासदांनी आम्हाला जाब विचारावा. फक्त विचारताना तोडणीची आणि काट्यावर पोचल्याची तारीख-वेळ लिहून आणावी, म्हणजे बोलणे आकड्यावर होईल.

मुलांच्या पुस्तकातला धडा म्हणतो, प्रत्येक पदार्थ आपल्या गुणधर्माने वागतो. पाणी उडणार, साखर फुटणार, क्षार साखर धरून ठेवणार. त्यांना आपली भीड नाही. वागणूक बदलायची ती आपल्याला, सभासदाला आणि खात्याला, दोघांनाही. तरी सर्व सभासदांनी पक्व, ताजा आणि साफ ऊस पाठवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेती खाते